मिलानहून काढलेला पासपोर्ट

देवीदास चर्जन यांना पोलीस ठाण्यात सगळे 'पासपोर्टवाले चर्जन' म्हणत. नोकरीची शेवटची तेरा वर्षं त्यांनी अमरावतीत एकाच टेबलावर काढली. परदेशी जाणाऱ्याचा अर्ज आला की त्याच्या पत्त्यावर जायचं, शेजाऱ्यांना विचारायचं, संगणकावर नाव टाकून गुन्हा दाखल आहे का पाहायचं, आणि नसला तर अहवालात 'निरंक' लिहून वर पाठवायचं. हाताखालून हजारो माणसं गेली. त्यातली काही दुबईला गेली, काही कॅनडाला. दोन वर्षांपूर्वी त्यांची स्वतःची मुलगी करिश्मा जर्मनीला गेली. तिचा अहवाल मात्र त्यांनी लिहिला नाही. नात्यातलं माणूस आहे म्हणून दुसऱ्याकडं दिला.

घर मूळचं नांदगाव खंडेश्वरचं. भाऊ अजून तिथं वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवतो. चर्जन आणि त्यांची बायको वच्छला अमरावतीत राहतात. करिश्मा एकुलती एक. नर्सिंग झाल्यावर ती राजापेठेत आरती मॅडमच्या क्लासला दीड वर्ष जर्मन शिकली. जर्मनीतल्या एका छोट्या शहरातल्या दवाखान्यात म्हाताऱ्या रुग्णांच्या वॉर्डात तिला काम मिळालं.

तिथंच तिला कुलदीप भेटला. अमरावतीचाच, राजापेठेच्या मागच्या कॉलनीतला, केशवरावांचा मुलगा. वय चौतीस, घटस्फोटित. केशवरावांनी घरी येऊन सरळ सांगितलं होतं, "पयलं लग्न सहा महिने टिकलं. पोरीले परदेशात जाचं नव्हतं. आमी काही लपवून नाई राहिलो." कुलदीप पुण्याच्या कंपनीतून थेट जर्मनीला गेला, असं ते म्हणाले. चर्जनांनी आपल्या पद्धतीनं चौकशी केली. संगणकावर काही नाही. शेजारी चांगलं बोलले. करिश्मानंही तिकडचा पोलिसांचा दाखला मागून घेतला, तोही कोरा. एप्रिलमधला मुहूर्त ठरला. दवाखान्याच्या होस्टेलची मुदत संपली तशी करिश्मा डिसेंबरात कुलदीपच्या फ्लॅटवर राहायला गेली. वच्छलाबाईंना ते पटलं नव्हतं, पण लग्न ठरलेलंच होतं.

जानेवारीपासून फोनवरची करिश्मा बदलली.

ती फोन नेहमी स्पीकरवर ठेवायची. मागून कुलदीपचा आवाज यायचा, "नमस्कार बाबा." आणि ती 'मले', 'तुले' म्हणेनाशी झाली. "मला बरं वाटतंय आई. मला काही नको," असं ती पुस्तक वाचल्यासारखं बोलायची. वच्छलाबाईंनी एकदा विचारलंच, "काहून वं, अशी काय बोलून राहिली?" तर मागून कुलदीप हसत म्हणाला, "मीच सांगितलंय आई. चारचौघांत बरं दिसत नाही."

फोन ठेवल्यावर वच्छलाबाई म्हणाल्या, "आपल्या मायसंग बोलाले चारचौघं कुठून आले?"

 त्या दिवसापासून चर्जन फोनवर मागच्या आवाजाकडंही कान देऊ लागले.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लग्नाच्या नोंदणीसाठी कुलदीपची कागदपत्रं आली. करिश्मानं ती व्हॉट्सअॅपवर पाठवली होती: पासपोर्टची प्रत आणि घटस्फोटाच्या हुकुमाची प्रत. चर्जनांनी ती ठाण्यातच, जेवणाच्या सुट्टीत उघडली. पासपोर्ट पाहताना त्यांची नजर सवयीनं दोन ठिकाणी जाते, काढल्याची तारीख आणि काढल्याचं ठिकाण. तारीख २०१८ ची होती. ठिकाण होतं मिलान.

मिलान इटलीत आहे एवढं त्यांना ठाऊक होतं. माणूस पुण्याहून थेट जर्मनीला गेला असेल तर त्याचा पासपोर्ट इटलीतून कसा निघेल? आणि घटस्फोटाचा हुकूम अकोल्याच्या कोर्टाचा, २०२० चा. लग्नाची तारीख २०१६. सहा महिने नव्हे, चार वर्षं.

त्यांनी डबा बंद केला आणि जुनी नोंदवही काढली. दोन हजार एकवीस, करोनाचं साल. नाव सापडायला दहा मिनिटं लागली. कुलदीपला जर्मनीतल्या कंपनीनं पोलीस दाखला मागितला होता आणि त्याचा अर्ज ह्याच ठाण्यात आला होता. मागील वास्तव्याच्या रकान्यात स्पष्ट लिहिलं होतं: इटली, चार वर्षं. खाली अहवाल. निरंक. आणि सही त्यांचीच, देवीदास चर्जन.

त्यांना तो माणूस आठवेना. घर आठवेना. नियमाप्रमाणे काहीच चुकलं नव्हतं. त्यांचं काम अमरावतीपुरतं होतं, आणि अमरावतीत त्या माणसानं काही केलं नव्हतं. तरी वही ठेवून ते टेबलापाशी आले आणि उभेच राहिले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "साहेब, बरं नाई का?" ते म्हणाले, "ऊन लागलं." बाहेर आभाळ भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ते अकोल्याला गेले. हुकुमावर पहिल्या बायकोचं नाव होतं रागिणी आणि पत्ता जठारपेठेतला. तिथं एका घराच्या पुढच्या खोलीत ती शाळेचे गणवेश शिवते. तिशीची बाई. चर्जनांनी ओळख सांगितली तेव्हा तिनं मशीन थांबवली आणि मान वळवून डावा कान त्यांच्याकडं केला.

"पुन्हा सांगा. ह्या बाजूनं. उजव्या कानानं ऐकू येत नाई."

त्यांनी पुन्हा सांगितलं. कुलदीपचं नाव घेतल्यावर तिनं उठून दार लोटून घेतलं.

"तुमची पोरगी तिथंच हाय का? त्याच्या घरात?"

"हो."

"पासपोर्ट कोनापाशी हाय तिचा?"

"ते नाई माहीत."

"मंग त्याच्यापाशीच असन," रागिणी म्हणाली. ती खुर्चीवर बसली, परत उठली, पाणी आणलं. पाणी चर्जनांसाठी होतं, पण ते तीच प्यायली.

तिनं सांगितलं ते थोडक्यात असं. लग्नानंतर ती त्याच्याबरोबर इटलीला गेली. पहिलं वर्ष बरं गेलं. मग तिचे फोन स्पीकरवर आले. मग तिचा पासपोर्ट त्याच्या ऑफिसच्या लॉकरमध्ये गेला. मग दाराला बाहेरून कुलूप. तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी त्यानं तिच्या कानावर मारलं, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या म्हातारीनं पोलीस बोलावले. खटला चालला. तिथल्या कोर्टानं त्याला एक वर्ष दहा महिन्यांची शिक्षा दिली, पण स्थगित ठेवली. पुन्हा असं केलं तर आत जाशील, असं जज म्हणाला. ती भारतात आली. काही महिन्यांनी तोही आला. अकोल्यात दोन्ही घरच्यांनी बसून संमतीनं घटस्फोट करवला आणि अट घातली, इथं तक्रार करायची नाही.

"माह्या बापानं हात जोडले मले," ती म्हणाली. "लहान बहिनीचं लग्न व्हायचं होतं."

तिनं कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत टाचलेली अकरा पानं होती, शिक्का मारलेली, इटालियनमधली. तिला ती वाचता येत नव्हती. चर्जनांनाही नाही. फक्त कुलदीपचं नाव दोघांना वाचता येत होतं.

"काका, तुमी तं पोलीस हाय," रागिणी म्हणाली. "तुमाले हे काहून माहीत नाई?"

"मले कोन सांगन बाई? इटलीनं अमरावतीले काही कळवलं नाई."

"पन जर्मनीले तं कळवलं असन. एकमेकाले लागून हायत ते देश. आमी तिथून गाडीनं कुठंबी जात होतो, कोनी अडवत नोतं."

चर्जनांनी ती पिशवी मागून घेतली.

ह्याचं उत्तर त्यांना त्याच संध्याकाळी राजापेठेत आरती मॅडमच्या क्लासमध्ये मिळालं. करिश्माच्या प्रकरणात विश्वास ठेवावा असं जर्मन जाणणारं दुसरं माणूस त्यांना सुचलं नाही. आरतीनं मुलांना सोडून दिलं, पानांचे फोटो काढून मोबाइलवर भाषांतर पाहिलं. मग जर्मनीतल्या तिच्या ओळखीच्या एका वकीलबाईला फोन लावला.

फोन ठेवून ती सावकाश सांगू लागली. "काका, ती म्हणते की तिकडच्या देशांत गुन्ह्याची माहिती जाते. पण ती त्या माणसाच्या स्वतःच्या देशाला जाते. इटलीच्या माणसानं जर्मनीत गुन्हा केला, तर जर्मनी इटलीला कळवते. पुढं कोणाला चौकशी करायची असली तर ते इटलीलाच विचारतात. पण हा आहे भारताचा. त्याच्याबद्दल त्यांनी तिकडं कोणाला विचारायचं? युरोपियन युनियनचे सत्तावीस देश आहेत. एकेकाला वेगळं विचारावं लागतं, आणि तेवढं कोणी विचारत नाही. बाहेरच्या लोकांसाठी एक सामाईक यादी बनवणं चालू आहे, बोटांच्या ठशांसकट. कित्येक वर्षं चालूच आहे म्हणते."

"मंग हा निकाल कुठं हाय?"

"इटलीत. त्यांच्या दप्तरात."

चर्जन भिंतीवरच्या जर्मनीच्या नकाशाकडं पाहत राहिले. आपल्या टेबलावर एक कोरा कागद, तिकडच्या टेबलावर एक कोरा कागद, आणि दोन्ही खरे. त्या दोन खऱ्या कागदांच्या भरवशावर आपण पोरगी पाठवली, असं त्यांच्या मनात आलं.

घरी वच्छलाबाईंनी सगळं ऐकलं आणि फोन हातात घेतला. चर्जनांनी तो काढून घेतला.

"स्पीकरवर असते फोन. त्याले समजलं तं?"

"मंग काय गप बसू मी?"

"त्याले समजलं आन ती घरात असली, तं आपल्याले इथून काय करता येनार हाय? सांग बरं."

वच्छलाबाई खाली बसल्या. त्या दिवशी करिश्माचा फोन आला नाही. मेसेज केला, त्याला उत्तर नाही. दुसरा दिवस उजाडला तरी नाही. एकतीस वर्षांत चर्जनांनी चाकू घेऊन अंगावर आलेली माणसं पाहिली होती, प्रेतं उचलली होती. ते सांगतात, असं भेव त्यांना कधी वाटलं नव्हतं. देवघरापुढं बसलं तरी कान मोबाइलकडं.

आरतीनंच मार्ग काढला. करिश्माचा मोबाइल कुलदीप तपासत असेल, पण वॉर्डातला फोन तर दवाखान्याचा. दुपारी साडेबाराला, तिकडं सकाळचे आठ वाजले असताना, तिनं क्लासमधून दवाखान्यात फोन लावला. मी करिश्माची भाषेची शिक्षिका, तिच्या प्रमाणपत्राबद्दल बोलायचं आहे, असं ती जर्मनमध्ये म्हणाली. चर्जन बाकावर बसले होते. विसरू नये म्हणून त्यांनी चार ओळी लिहून आणल्या होत्या. वच्छलाबाई त्यांच्या शर्टाची बाही धरून उभ्या होत्या.

पलीकडून कोणी काही बोललं. आरती म्हणाली, "आज कामावर आली आहे. एका आजीला आंघोळ घालते आहे. थांबा म्हणतात."

ते सात मिनिटं थांबले. मग करिश्माचा आवाज आला, जर्मनमधला. आरतीनं फोन चर्जनांच्या हातात दिला.

"बेटा, मी बोलून राहिलो. बाजूले कोनी हाय का?"

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला.  मग ती म्हणाली, "बाबा, मले घरी याचं हाय."

'मले' ऐकलं आणि चर्जनांना हातातल्या ओळी दिसेनाशा झाल्या. त्यांनी कागद बाजूला ठेवला. तोंडपाठ असल्यासारखं त्यांनी रागिणीचं सांगितलं, कानाचं, कोर्टाचं, अकरा पानांचं. ते पोलिसाच्या आवाजात बोलत होते, जसं ठाण्यात आलेल्या अनोळखी बाईशी बोलतात. तो आवाज सोडला असता तर आपल्याला बोलता आलं नसतं, असं ते म्हणतात.

"तुहा पासपोर्ट कुठं हाय?"

"त्याच्या ऑफिसात. व्हिसाचं काम हाय म्हने."

"तुले मारलं का त्यानं?"

ती रडली नाही. म्हणाली, "दंडावर. बाह्या लांब असतात ना युनिफॉर्मच्या, कोनाले दिसत नाई. दोन वाजता तो न्याले येते, बाबा. रोज येते."

"तुह्या वरची कोन हाय तिथं? मोठी सिस्टर?"

"हाय. पन तिले कसं सांगू? मीच तं सगळ्याइले पेढे देल्ले होते लग्न ठरलं म्हनून."

"लाज नको धरू. आत्ता जाय आन बाही वर कर. बोलता नाई आलं तं नुसतं दाखव. आरती मॅडम फोनवर हायत, त्या तिले सगळं सांगतीन."

वच्छलाबाईंनी फोन ओढून घेतला. त्यांना बोलायचं होतं, पण फक्त "जाय वं माय, जाय," एवढंच निघालं.

मोठ्या सिस्टरशी आरती वीस मिनिटं बोलली. नंतर फोन बंद झाला, आणि सुरू झालं वाट पाहणं. तिकडचे दोन म्हणजे इकडचे साडेसहा. चर्जन पती-पत्नी घरी गेलेच नाहीत. संध्याकाळची बॅच आली, मुलं आकडे पाठ करू लागली, आणि ही दोघं मागच्या बाकावर बसून राहिली. साडेसहा झाले. सात झाले. वच्छलाबाईंनी विचारलं, "ती बाई चांगली असन ना हो? आपल्यासारखं समजन ना तिले?" चर्जन म्हणाले, "असन." त्यांना काहीच माहीत नव्हतं.

सव्वासातला अनोळखी नंबरावरून मेसेज आला. मी सिस्टरच्या घरी हाय. पोलीस आले हायत. मागच्या दारानं आनलं मले.

तिकडच्या पोलिसांनी कुलदीपचं नाव तपासलं. काही निघालं नाही. त्यांच्या लेखी तो स्वच्छ माणूस होता. आरतीनं अकरा पानं पाठवली. ते म्हणाले, हे आम्ही पाहिलं, पण कोर्टात चालवायचं तर इटलीकडून अधिकृत मागवावं लागेल. मात्र करिश्माच्या दंडावरचे डाग त्यांनी पाहिले, फोटो काढले, आणि दुसऱ्या दिवशी पोलीस कुलदीपच्या ऑफिसात जाऊन तिचा पासपोर्ट लॉकरमधून घेऊन आले. तिला दुसऱ्या गावात, बायकांसाठी असलेल्या एका घरात ठेवलं. पत्ता आईबापालाही सांगितला नाही. वच्छलाबाईंना हे फार लागलं. चर्जनांना बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी कुलदीपचा फोन आला. आवाज शांत. "बाबा, गैरसमज झालाय. करिश्मा थोडी हळवी आहे. कुठं आहे ती, तेवढं सांगा. मी समजावतो."

"मले माहीत नाई."

"तुम्ही पोलीस खात्यातले. तुम्हाला माहीत नाही, असं कसं होईल?" तो हसला. "अकोल्याला गेला होता म्हणे. तिथं ती शिवणकाम करते ना अजून? एकटीच असते."

चर्जनांनी फोन ठेवला आणि लगेच रागिणीला लावला. ती म्हणाली, "मी भेत नाई काका." तिचा आवाज मात्र बारीक झाला होता. चर्जनांनी अकोल्यातल्या ओळखीच्या हवालदाराला त्या गल्लीतून रोज एक चक्कर मारायला सांगितलं. केशवराव चार माणसं घेऊन घरी आले, मोठ्यानं बोलले, बदनामीची केस करतो म्हणाले. चर्जनांनी त्यांच्यापुढं अकरा पानं ठेवली. केशवरावांनी ती पाहिलीही नाहीत. ती त्यांनी आधी पाहिली असावीत, असं चर्जनांना वाटलं.

इटलीचं उत्तर जर्मनीत पोचायला साडेतीन महिने लागले. मधल्या काळात तिकडच्या कोर्टानं रागिणीचं म्हणणं व्हिडिओवरून ऐकलं. ती अमरावतीला आली, आरतीच्या क्लासमध्ये बसली, आरती तिचं बोलणं जर्मनमध्ये सांगत गेली. न्यायाधीश बाईंनी विचारलं, तुम्ही हे पूर्वी तुमच्या देशात का सांगितलं नाही? रागिणी म्हणाली, "कोनी विचारलंच नाई." कुलदीपला करिश्माजवळ जायला मनाई झाली आणि खटला उभा राहिला. पण पहिल्या तारखेच्या आधीच कुलदीप नोकरी सोडून निघून गेला. कोणी म्हणालं पोर्तुगाल, कोणी पोलंड.

करिश्मा कायमची घरी आली नाही. महिनाभर रजेवर येऊन गेली, वाळली होती, दार वाजलं की दचकायची. मग म्हणाली, "मी काहून काम सोडू?" आणि दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात रुजू झाली. आता तिचा फोन रोज येतो, स्पीकर न लावता. वच्छलाबाई दरवेळी आधी विचारतात, मागं कोण आहे. चर्जन ऑगस्टमध्ये निवृत्त झाले.

दिवाळीनंतर त्यांना एक फोन आला. माणूस यवतमाळकडचा, नाव चंद्रभान. कुलदीपचं स्थळ कोणाला आलं तर कळवा म्हणून एका लग्न जुळवणाऱ्या बाईंकडं चर्जनांनी आपला नंबर देऊन ठेवला होता, तिथून तो मिळाला.

"साहेब, तुमी कुलदीपले ओळखता म्हने. आमच्या पोरीले त्याचं स्थळ आलं. पोलंडात असते. सगळे दाखले चांगले हायत त्याचे."

चर्जनांनी त्याला सगळं सांगितलं. चंद्रभान ऐकत राहिला. मधे एकदा म्हणाला, "असं का?" शेवटी म्हणाला, "घरात बोलतो आन कळवतो."

"पोरगी कुठं हाय?"

"ती तं गेली ना साहेब. तिकडंच नोकरी लागली तिले. दसऱ्याले गेली."

आणि फोन कटला. चर्जनांनी परत लावला, उचलला नाही. आठवडाभर लावत राहिले. आता तो नंबर लागतच नाही. मुलीचं नाव त्यांनी विचारलं नव्हतं, ह्याचा त्यांना फार त्रास होतो. गावाचं नाव तेवढं चंद्रभाननं बोलता बोलता घेतलं होतं. येत्या रविवारी चर्जन तिकडं निघाले आहेत. रागिणीही बरोबर येते आहे. एस.टी. सकाळी सातची आहे.